अदृश्य द्रव्याचा माग

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांसाठी बांधलेल्या शेडमध्ये, प्रा. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली आर्यभट हा भारताचा पहिला उपग्रह सिद्ध झाला. १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणाने तो अंतराळात नेला. त्याच्यावरील तीन प्रयोगांपैकी एक सूर्याकडून येणारे न्यूट्रॉन व गॅमा किरण टिपण्याचा होता. गॅमा किरण वातावरणातच शोषले जातात. म्हणून त्यांच्या भेटीस वातावरणाबाहेर जावे लागते. वीजपुरवठा बिघडल्याने हे प्रयोग थोड्याच दिवसांत थांबले.

आर्यभटापुढे किरणांचा उगम कोणता, हा प्रश्न नव्हता. आज मात्र नेमका तोच प्रश्न आहे. दीर्घिकांच्या कडेचे तारे इतक्या वेगाने फिरतात की, केवळ दृश्य द्रव्याच्या ओढीने ते जागी राहते ना. तेव्हा दृश्याच्या सुमारे पाचपट अदृश्य द्रव्य विश्वात असले पाहिजे, असे शास्त्रज्ञ मानतात. त्याचे दोन कण एकमेकांस भेटून नष्ट होत असतील, तर त्यातून गॅमा किरण निघावेत, असा एक तर्क आहे. कणांची दाटी दुप्पट झाली की अशा भेटी चौपट होतात; साहजिकच आकाशगंगेच्या मध्याकडे सर्वांचे लक्ष लागले.

२००८ साली फर्मी दुर्बीण अंतराळात गेली आणि पुढल्याच वर्षी त्या मध्यभागी हिशेबापेक्षा अधिक गॅमा किरण आढळल्याचे दोघा संशोधकांनी मांडले. परंतु सेकंदाला शेकडो गिरक्या घेणारे स्पंदक तारेही जवळजवळ तसलेच किरण सोडतात! हा वाद अद्याप मिटलेला नाही. २०२५ साली तोक्यो विद्यापीठाचे तोमोनोरी तोतानी यांनी आकाशगंगेचा गजबजलेला पट्टा वगळून, भोवतालच्या विस्तीर्ण वलयात २० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास किरणांचे आधिक्य दाखविले. वगळण्याचा हा हिशेब मोठा नाजूक असतो. वजाबाकीत थोडी चूक झाली तरी नसलेला कण दिसू लागावयाचा. इतरांनी स्वतंत्रपणे पडताळल्यावाचून तो शोध मानता येत नाही.

खरी कसोटी आकाशगंगेभोवतीच्या खुज्या दीर्घिकांत आहे. तेथे अदृश्य द्रव्य विपुल आणि स्पंदकांसारखे चकविणारे उगम विरळ. तेथून निःसंदिग्ध संकेत मात्र अजून मिळालेला नाही.