कल्याणपुढे दोनाचे चार रूळ : स्टेशनाजवळच्या व्यापाऱ्याने आणि कारागिराने काय जाणून घ्यावे?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील आपल्या बांधवांचे धंदे वेगवेगळे आहेत. कोणी जीन्स शिवतो, कोणी फर्निचर करतो, कोणाची बेकरी आहे, कोणी फळांची गाडी लावतो, तर कोणी भंगाराचा व्यापार करतो. परंतु या सर्वांचा एक भागीदार समान आहे आणि तो म्हणजे रेल्वे. हा भागीदार नफ्यात वाटा मागत नाही. मात्र तो उशिरा आला की नुकसान आपल्या एकट्याच्या माथी येते. सध्या या भागीदाराचे घर मोठ्या दुरुस्तीला निघाले आहे. कल्याण ते बदलापूर तिसरा आणि चौथा लोहमार्ग टाकण्याचे, नवीन स्टेशन उभारण्याचे आणि जुनी स्टेशने वाढविण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. हे काम का निघाले, त्यातून काय मिळेल आणि आपल्या रोजीरोटीला कोठे धक्का लागू शकतो, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

अडचण नेमकी कोठे आहे?

मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ साली सुरू झाली, १८५४ साली ती कल्याणला पोहोचली आणि १८५६ साली बदलापूरमार्गे घाटाच्या पायथ्याशी गेली. त्या काळी या पट्ट्यात भातशेती होती. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला आयुध निर्माणी, आगपेट्यांचा कारखाना व पुढे औद्योगिक वसाहत आली. मुंबईतील घरांच्या किमती वाढत गेल्या तसा नोकरदार वर्ग बदलापूरपर्यंत सरकला. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. त्याच जनगणनेत अंबरनाथ अडीच लाखांच्या व उल्हासनगर पाच लाखांच्या वर होते.

माणसे वाढली, पण रूळ तेवढेच राहिले. ठाणे-दिवा पाचवा व सहावा मार्ग फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाल्यावर कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत सहा मार्ग झाले. कल्याणला रस्ता फुटतो. एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. कर्जतच्या फाट्यावर मात्र दोनच रूळमार्ग, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. त्यावरूनच अंबरनाथ, बदलापूर, कर्जत व खोपोलीच्या लोकल, पुणे व दक्षिणेकडील मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या धावतात. गोणी मोठी आणि तोंड अरुंद, अशी ही गत आहे.

हिशेबाने पाहू. समजा, एका मार्गावर दर चार मिनिटांनी एक गाडी सोडली, तर तासाला पंधरा गाड्या जातील. परंतु लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ अशी थांबत जाते आणि मेल न थांबता येते. मेल लोकलच्या पाठीला लागू नये म्हणून तिच्यापुढे बरीच जागा मोकळी ठेवावी लागते. म्हणजे एका मेलमुळे एकाहून अधिक लोकलची वेळ जाते. नाहीतर लोकल बाजूला उभी करावी लागते. शिवाय बदलापूरला संपणारी लोकल परत फिरेपर्यंत फलाट अडवून बसते. म्हणून केवळ “गाड्या वाढवा” अशी मागणी करून भागत नाही. गाडी उभी राहायला फलाट आणि धावायला रूळ आधी पाहिजे.

मंजूर काय झाले आहे?

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ‘३ अ’ या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०१९ मध्ये मंजुरी दिली. एकूण खर्च ३०,८४९ कोटी रुपये. त्यात कल्याण-बदलापूर तिसरा-चौथा मार्ग आहे. त्याची लांबी सुमारे १४ किलोमीटर आणि मंजुरीच्या वेळचा खर्च सुमारे १,५१० कोटी रुपये. ‘मुंबई रेल्वे विकास महामंडळ’ हे काम पाहते. १९९९ साली स्थापन झालेल्या या महामंडळात केंद्राचे ५१ टक्के व महाराष्ट्र शासनाचे ४९ टक्के भांडवल आहे. म्हणजे तक्रार घेऊन जायचे ते केवळ रेल्वेच्याच दारी नव्हे. राज्य सरकारचीही त्यात जबाबदारी आहे.

याच कामात अंबरनाथ व बदलापूर यांच्या दरम्यान चिखलोली हे नवीन स्टेशन होणार आहे. कल्याणच्या यार्डाची फेररचना हे वेगळे काम आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या व लोकल यांचे मार्ग तेथे एकमेकांना छेदतात, ते वेगळे करावयाचे आहेत. ही दोन्ही कामे जोडीने पाहिली पाहिजेत. पुढचा रस्ता रुंद झाला आणि कल्याणचा चौक तसाच अडकलेला राहिला, तर फायदा अर्धाच मिळेल.

स्टेशन वाढविणे म्हणजे काय?

पहिली गोष्ट फलाटाची लांबी. कल्याणपर्यंत पंधरा डब्यांच्या लोकल २०१२ पासून धावतात. बारा डब्यांऐवजी पंधरा डबे म्हणजे त्याच एका फेरीत पंचवीस टक्के जास्त जागा. नवीन वेळ शोधावी लागत नाही. पण पंधरा डब्यांच्या गाडीला सुमारे तीनशे तीस मीटर फलाट लागतो. म्हणून कल्याणपलीकडच्या स्टेशनांचे फलाट लांबविणे आवश्यक ठरते.

दुसरी गोष्ट होम प्लॅटफॉर्म. ज्या फलाटावर जिना न चढता थेट रस्त्यावरून जाता येते, त्याला होम प्लॅटफॉर्म म्हणतात. बदलापूरला पश्चिमेच्या बाजूने असा फलाट घेण्यात आला. म्हातारी माणसे, बायका-मुले आणि डोक्यावर गठ्ठा घेतलेला कारागीर यांना त्याचे मोल विचारा.

तिसरी गोष्ट पादचारी पूल आणि जिने. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्यानंतर लष्कराने तीन पूल बांधून दिले, त्यांतील एक कल्याणजवळच्या आंबिवलीला. एकाच वेळी दोन्ही बाजूंच्या गाड्या रिकाम्या झाल्या तर माणसे किती वेळात बाहेर पडतील, हा पुलाचा खरा हिशेब असतो. गाड्या वाढल्या आणि पूल तोच राहिला, तर धोका वाढतो.

चौथी गोष्ट पाणी. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. उल्हास नदीच्या खोऱ्यात नवा भराव घालताना खालच्या मोऱ्या पुरेशा ठेवल्या नाहीत, तर तेच पाणी आपल्या दुकानांत शिरेल. हा प्रश्न गटारे आणि नाले पाहणाऱ्या नगरपालिकांनीही विचारला पाहिजे.

हे सगळे गर्दीची सोय म्हणून नव्हे, जीव वाचविण्यासाठी हवे आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकणारी माणसे गाडीतून पडली आणि काहींचा जीव गेला. घरून हलाल रोजीसाठी निघालेला माणूस संध्याकाळी परत यावा, एवढीच तर मागणी आहे.

धंद्यावर परिणाम कसा होईल?

स्टेशनचे दार जिकडे, बाजार तिकडे. ही साधी गोष्ट आपल्यापैकी अनेकजण विसरतात. जिना वीस पावले सरकला की गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लीतून घरी जाते. जुन्या जिन्यापाशी मोठी पगडी देऊन घेतलेला गाळा मग ओस पडतो. याउलट चिखलोलीला आज ज्या कोपऱ्यावर कोणी थांबत नाही, तेथे उद्या चहा-नाश्त्याचे दुकान चालेल. पण “स्टेशन येथेच उतरणार” असे सांगून दलाल आधीच किंमत वाढवितात. मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय आणि जिना कोणत्या बाजूला उतरतो हे समजल्याशिवाय एक पैसाही देऊ नये.

फेरीवाल्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसता येणार नाही, ही बंदी कायम केली. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि हटविण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस हे हक्क दिले आहेत. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असतात. परंतु हा कायदा रेल्वेच्या मालकीच्या जागेला लागू नाही. म्हणून आपली गाडी पालिकेच्या रस्त्यावर आहे की रेल्वेच्या जमिनीवर, हे आधी समजून घ्यावे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माल नेणाऱ्या कारागिरांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. बारा डब्यांच्या लोकलमध्ये मालासाठी चार कप्पे असतात. त्यांतील एक ज्येष्ठ नागरिकांना देण्याचा निर्णय रेल्वेने घेतला आहे. निर्णय योग्यच आहे. वडीलधाऱ्यांना जागा मिळालीच पाहिजे. पण उरलेल्या कप्प्यांत गर्दी वाढणार. ठरलेल्या वजनापेक्षा माल जास्त असेल तर त्याचे भाडे भरून पावती घ्यावी. दंडाची रक्कम गठ्ठ्याचा नफा खाऊन टाकते. रविवारच्या ब्लॉकचे वेळापत्रक पाहूनच माल पोहोचविण्याचा वायदा करावा.

कुर्ल्याचा धडा

सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता याच मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातला. त्यासाठी कुर्ल्यातील दुकाने हटणार होती. मोठ्या दुकानालाही २२५ चौरस फुटांचीच जागा आणि तीही गिऱ्हाईक नसलेल्या ठिकाणी, अशी दुकानदारांची तक्रार होती. त्यांनी संघटना करून २००४ साली थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे अर्ज केला. मंडळाने डिसेंबर २००५ च्या अहवालात पुनर्वसनातील गंभीर उणिवा दाखविल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाच्या भागाचे कर्ज थांबविले. पुनर्वसनाबाबत पावले उचलली गेल्यावर जूनअखेर ते पुन्हा सुरू झाले.

या दुकानदारांनी रस्ता अडविला नाही, दगड उचलला नाही. त्यांच्या हाती होते ते कागद आणि एकी. हीच दोन हत्यारे आपल्यालाही पुरेशी आहेत.

कायदा कारागिराला काय देतो?

आपल्याकडे समज असा की भरपाई फक्त जमीनमालकाला मिळते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तसे नाही. स्वतःची जमीन नसली, पण भाडेकरू किंवा कारागीर म्हणून संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करून पोट भरणारे कुटुंबही ‘बाधित कुटुंब’ ठरते. विस्थापित होणाऱ्या कारागिराला, छोट्या व्यापाऱ्याला किमान २५ हजार रुपयांचे एकरकमी साहाय्य देण्याची तरतूद त्यात आहे. रेल्वे कायद्याखाली जमीन घेतली तरी भरपाई व पुनर्वसनाच्या या तरतुदी २०१५ च्या केंद्रीय आदेशाने लागू झाल्या आहेत. हरकत घेण्याची मुदत मात्र रेल्वे कायद्याखाली अधिसूचनेपासून ३० दिवस आणि २०१३ च्या कायद्याखाली ६० दिवस आहे. रेल्वेच्या स्वतःच्या जमिनीवरील टपरीसाठी मात्र संपादनाचा प्रश्न येत नाही. तेथे प्रकल्पाचे पुनर्वसन धोरण आणि सर्वेक्षणातील आपली नोंद हाच आधार.

आता काय करावे?

१) दुकानाचा भाडेकरार नोंदणी करून घ्यावा. तोंडी व्यवहार सर्वेक्षणात टिकत नाही.

२) दुकानाचा गुमास्ता कागद तपासावा. दहापेक्षा कमी कामगार असल्यास २०१७ च्या कायद्यानुसार नुसती सूचना पुरते; पण तिची पोच जपून ठेवावी. कारागिरांनी उद्यम नोंदणी करावी. ती विनामूल्य आहे.

३) तीन वर्षांची वीजबिले, भाडेपावत्या, मालाची बिले एका फाइलीत लावावीत. दुकानाचा आतून-बाहेरून फोटो तारखेसह काढून ठेवावा.

४) सर्वेक्षणाला माणसे येतील त्या दिवशी दुकान बंद ठेवू नये. नोंद झाल्यावर पावती मागावी.

५) वर्तमानपत्रांतील अधिसूचना पाहण्याचे काम बाजारातील एका शिकलेल्या तरुणावर सोपवावे.

६) हरकत एकेकट्याने न घेता संघटनेमार्फत घ्यावी. तिच्यात आपले आणि शेजारचे सिंधी, मराठी, गुजराती दुकानदार सर्व असावेत. रूळ कोणाची जात पाहून वाकत नाही.

देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला कुरआनमध्ये सूरह बकरात स्पष्टपणे मिळालेली आहे. आपण ती उधारीच्या वहीपुरतीही पाळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. रेल्वेचे हे काम आपल्या भल्याचे आहे आणि ते लवकर पूर्ण व्हावे, अशीच आमची दुआ आहे. पण चार रूळ पडून पहिली गाडी धावेल त्या दिवशी आपले दुकान त्या बाजारात असावे, यासाठी आजच फाइल उघडावी लागेल.