डॅशबोर्डमागच्या दोन कोटी ओळी

मर्सिडीझ एस-क्लासमधला रेडिओ आणि नेव्हिगेशन, एवढंच चालवायला दोन कोटींहून अधिक ओळींचा कोड लागतो, असं रॉबर्ट शॅरेट यांनी २००९ मध्ये 'आयईईई स्पेक्ट्रम' मासिकात लिहिलं. त्याच लेखात बोइंग ७८७ विमानाच्या उड्डाणप्रणालींचा आकडा होता सुमारे ६५ लाख. समुद्र ओलांडणाऱ्या विमानाच्या तिप्पट कोड, गाणी लावायला आणि रस्ता दाखवायला! सेकंदाला एक ओळ, रात्रंदिवस न थांबता वाचली, तरी साडेसात महिने पुरणार नाहीत. ओळी मोजणं हे ढोबळ माप खरं, पण पसारा कळायला पुरेसं आहे.

यातलं बरंचसं काम गाडीगणिक वेगळं असायचं कारणच नाही. ब्लूटूथने फोन कसा जोडला जातो, हे पाहून गाडी कोण पसंत करतं? तरी प्रत्येक कंपनी ते आपापलं लिहून घेत होती. ही उधळपट्टी थांबवायला बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, इंटेल वगैरेंनी २००९ मध्ये 'जेनिव्ही' ही संघटना काढली. २०१२ मध्ये लिनक्स फाउंडेशनने 'ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स' सुरू केलं. त्यांचं म्हणणं सरळ आहे: ७० ते ८० टक्के पाया सगळ्यांचा एक, वरचं ज्याने त्याने करावं.

हिशेब मांडून पाहा. दहा कंपन्यांनी दोन-दोन कोटी ओळी वेगवेगळ्या लिहिल्या, तर झाल्या २० कोटी. ८० टक्के पाया एकदाच लिहिला, तर १ कोटी ६० लाख, आणि प्रत्येकीच्या ४० लाखांप्रमाणे ४ कोटी. एकूण ५ कोटी ६० लाख. उरलेल्या १४ कोटी ४० लाख ओळी लिहायच्याच नाहीत, तपासायच्या नाहीत, वर्षानुवर्षं दुरुस्तही करायच्या नाहीत. मला यातली शेवटची बचत सर्वांत मोलाची वाटते, कारण गाडी पंधरा वर्षं चालते.

या पायाच्या मुळाशी असलेला लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, १९९१ मध्ये जेमतेम दहा हजार ओळींचा होता. २०२५ च्या सुरुवातीला तो चार कोटींच्या घरात पोचला, आणि त्याची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. एकट्या गाडी-कंपनीला हा वेग परवडणं कठीण. टोयोटाने २०१८ च्या कॅमरीत 'ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स'चा सामाईक पाया वापरला.

पाया एक झाला तरी गाडीच्या वेगाला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देत असेल, तर एकीसाठी लिहिलेलं ॲप दुसरीत चालत नाही. म्हणून जेनिव्हीने, म्हणजे २०२१ पासूनच्या 'कोव्हेसा'ने, वेग, इंधन, दारं अशा शेकडो संकेतांची नावं आणि एककं ठरवून खुली केली आहेत.