कोपरातला धागा, पुठ्ठ्याचा भाव

तळवा वर करून हात टेबलावर ठेवा. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक ताणलेली दोरी वर उठली का? ती ‘पाल्मॅरिस लाँगस’ नावाच्या स्नायूची कंडरा. उठली नसेल तर घाबरू नका. वंशागणिक प्रमाण बदलतं, पण अमेरिका-युरोपात साधारण सातांतल्या एकाच्या किमान एका हातात ती जन्मापासूनच नसते, आणि नसल्याचं त्याला आयुष्यभर कळतही नाही. ना पकड ढिली पडते, ना कणीक मळताना काही अडतं. १९७४ साली लॉस एंजेलिसमधल्या फ्रँक जोब या शल्यविशारदाला हा बिनकामाचा धागा आठवला. आज अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंच्या छापील कार्डांचे भाव वरखाली होतात, त्यातल्या काही उलाढालीच्या मुळाशी हा धागा आहे.

जोबचा रुग्ण होता टॉमी जॉन, डॉजर्स या बेसबॉल संघाचा एकतीस वर्षांचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. त्या जुलैत एक चेंडू टाकताना त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध, अल्नर कोलॅटरल लिगामेंट, फाटला. दंडाचं हाड आणि पुढच्या हाताचं हाड यांना आतून धरून ठेवणारा हा पट्टा बोटाच्या पेराएवढासुद्धा रुंद नसतो. तोवर तो फाटला की पिचरची कारकीर्द संपायची. जोबने २५ सप्टेंबरला जॉनच्या उजव्या हातातली पाल्मॅरिसची कंडरा काढली, डाव्या कोपराच्या हाडांत भोकं पाडली आणि त्यांतून ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ओवली. यश मिळण्याची शक्यता त्याने शंभरात एक सांगितली होती. जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतला आणि १९८९ पर्यंत, म्हणजे वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळत राहिला. त्याच्या नावावरच्या २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

मला सर्वांत थक्क करतं ते टाके घालून झाल्यानंतर जे घडतं ते. कंडरा आणि अस्थिबंध या दोन वेगळ्या वस्तू आहेत: एक स्नायूला हाडाशी जोडते, दुसरा हाडाला हाडाशी. ओवलेल्या कंडरेतल्या मूळ पेशी बऱ्याच अंशी मरतात. मग नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी वस्तीला येतात, तंतूंची मांडणी नव्या ताणाच्या दिशेने बदलत जाते, आणि वर्षभरात तो धागा हळूहळू अस्थिबंधासारखा वागू लागतो. म्हणून या दुरुस्तीला घाई चालत नाही. पिचर सामन्यात परतायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात, आणि पैसा कितीही ओतला तरी पेशी लवकर कामाला लागत नाहीत.

पण हा पट्टा तुटतो तरी का? क्रिकेटचा वेगवान गोलंदाज धावत येतो आणि हात जवळपास सरळ ठेवून चेंडू सोडतो. त्याचं दुखणं सहसा पाठीच्या मणक्यात. बेसबॉलचा पिचर एका उंचवट्यावर उभ्याने सुरुवात करतो आणि कोपर वाकवूनच फेकतो. खांदा मागे वळून पुढे उसळतो तेव्हा त्याच्या फिरण्याचा वेग सेकंदाला सात हजार अंशांच्या आसपास जातो. त्याच गतीने कोणी गरगरत राहिलं तर सेकंदाला एकोणीस गिरक्या होतील. त्या क्षणी कोपराला बाहेरच्या बाजूला उघडू पाहणारा पीळ साधारण ६४ न्यूटन-मीटर भरतो. पुढचा हात आडवा धरून मनगटाला पंचवीसेक किलोचं ओझं टांगल्यावर कोपरावर येईल तेवढा. प्रयोगशाळेत मृतदेहांचे कोपर ताणून पाहिले, तेव्हा हा अस्थिबंध एकटा जवळपास निम्म्या पिळालाच फाटला. म्हणजे पूर्ण ताकदीचा प्रत्येक चेंडू त्याच्या एकट्याच्या कुवतीपलीकडचा असतो. आजूबाजूचे स्नायू भार वाटून घेतात म्हणून तो निभावतो, आणि स्नायू थकतात.

वेग तर वाढतच चालला आहे. अमेरिकेच्या मुख्य लीगमधल्या फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ साली ताशी १४७ किलोमीटर होता, २०२४ मध्ये तो १५१ च्या पुढे गेला. प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकायचा, हाच आता शिरस्ता आहे.

इथे पुठ्ठ्याचा तुकडा येतो. बेसबॉलची कार्डं एकोणिसाव्या शतकात सिगारेटच्या पाकिटांतून आणि पुढे च्युइंगगमबरोबर वाटली जात. आता तो स्वतंत्र बाजार आहे. पहिल्या वर्षीचं ‘रूकी’ कार्ड सर्वांत मोलाचं. एकाच चित्राच्या वेगवेगळ्या रंगांच्या मर्यादित प्रती निघतात: सोनेरी पन्नास, नारिंगी पंचवीस, लाल पाच, आणि ‘सुपरफ्रॅक्टर’ जगात एकच. पीएसएसारख्या कंपन्या कोपरे-कडा तपासून दहापैकी गुण देतात आणि कार्ड प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करतात. दहापैकी दहा आणि दहापैकी नऊ यांत डोळ्याला न दिसणारा फरक असतो. किमतीत तो कधीकधी कित्येक पटींचा.

२००९ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) वॉशिंग्टन नॅशनल्सने पहिल्याच क्रमांकावर स्टीफन स्ट्रासबर्ग या पिचरला उचललं. मे २०१० मध्ये त्याचं एकमेव सुपरफ्रॅक्टर सोळा हजारांहून अधिक डॉलरना विकलं गेलं. तोवर त्याने मुख्य लीगमध्ये एकही चेंडू टाकला नव्हता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, म्हणतात ते हेच. मग ८ जूनला तो उतरला आणि सात डावांत चौदा फलंदाज ‘स्ट्राइकआउट’ केले, त्यांतले शेवटचे सात ओळीने. भटाचं बरोबरच होतं, असं वाटायला लागलं. २१ ऑगस्टला फिलाडेल्फियात एक चेंडू टाकून त्याने हात झटकला. अस्थिबंध फाटला होता. ३ सप्टेंबरला शस्त्रक्रिया झाली. तो बावीस वर्षांचा होता.

त्या सप्टेंबरात त्याची पडलेल्या भावातली कार्डं घेणाऱ्याचा अंदाज चुकला होता का? शरीराबाबत मुळीच नाही. स्ट्रासबर्ग वर्षभरात परतला. २०१९ मध्ये त्याच्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि मालिकावीर तोच ठरला. डिसेंबरात त्याला सात वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला. एवढं सगळं घडूनही त्याची साधी रूकी कार्डं आज काही डॉलरांत मिळतात. नव्या करारानंतर तो जेमतेम आठ सामने खेळू शकला. मनगट, खांदा, मान असं एकेक बिघडत गेलं आणि २०२४ मध्ये निवृत्ती जाहीर झाली. बेसबॉलचे करार हमीचे असतात, त्यामुळे दुखापतीने खेळाडूचा पैसा बुडत नाही. कार्डवाल्याला असली हमी कोण देणार?

आणि त्याच २००९ च्या निवडीत पंचविसाव्या क्रमांकावर एक फलंदाज होता, माइक ट्राउट. त्याचं स्वाक्षरीचं सुपरफ्रॅक्टर २०२० मध्ये ३९ लाख ३६ हजार डॉलरना विकलं गेलं, खेळाच्या कोणत्याही कार्डाला तोवर मिळालेली सर्वांत मोठी किंमत. फलंदाज जवळपास रोज दिसतो. सुरुवातीचा पिचर पाच-सहा दिवसांतून एकदा. चाहत्याचं प्रेम उपस्थितीवर पोसलं जातं, म्हणून या बाजारात पिचरला पहिल्यापासून हात आखडता.

याला अपवाद आहेत. पायरेट्सचा पिचर पॉल स्कीन्स याच्या पदार्पणाच्या जर्सीवरचा बिल्ला बसवलेलं एकमेव कार्ड कॅलिफोर्नियातल्या अकरा वर्षांच्या मुलाला नाताळात मिळालेल्या पाकिटातून निघालं. ते मिळावं म्हणून संघाने तीस वर्षांच्या सीझन तिकिटांचं आमिष दाखवलं. मुलाच्या घरच्यांनी लिलाव निवडला, आणि मार्च २०२५ मध्ये त्याचे ११.१ लाख डॉलर आले. त्या किमतीत स्कीन्सचा धडधाकट कोपरही मोजलेला होता, हे उघड आहे.

आता मूळ प्रश्न. मायामीचा युरी पेरेझ विसाव्या वर्षी लीगमध्ये आला, एप्रिल २०२४ मध्ये त्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, जून २०२५ मध्ये तो परतला. त्याच जून महिन्यात डेट्रॉइटच्या जॅक्सन जोबवर हीच शस्त्रक्रिया झाली. (हो, आडनाव तेच. नियतीलाही विनोद सुचतात.) अशा पोराची कार्डं पडत्या भावात घ्यावीत का?

घ्या म्हणणाऱ्यांचं गणित सोपं असतं: दहातले आठ पिचर परततात, मग भाव परतेलच. पहिला भाग खरा आहे, पण तो सगळ्यांना ठाऊक आहे. अस्थिबंध फाटल्याची एमआरआयची बातमी फुटते त्या दिवशी घायकुतीला आलेले विकतात, आणि उरलेला बाजार ‘परत येईल’ हे धरूनच नवा भाव ठरवतो. परतीची तारीखही गुपित नसते. आधी खालच्या लीगमधले सराव सामने होतात, तेव्हाच भाव चढतो. पहिल्या चेंडूच्या दिवशी घेणारा उशिरा पोचलेला असतो. दरम्यानच्या चौदा महिन्यांत दुसरी डझनभर पोरं झळकतात, आणि त्याचीच जुनी कार्डं पीएसएकडून दहा गुण घेऊन बाहेर पडत राहतात. पुरवठा वाढतो, चर्चा आटते. विकताना ऑनलाइन बाजार बारा-तेरा टक्के कापून घेतो, तो हिशेब निराळाच.

शिवाय परत येणं वेगळं आणि मोठं होणं वेगळं. जॉन स्मोल्ट्झ २००० साली या शस्त्रक्रियेतून गेला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोचणारा असा पहिला पिचर ठरला. जस्टिन व्हर्लँडरने २०२० च्या शस्त्रक्रियेनंतर ३९ व्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. पण दोघांचं नाव दुखापतीआधीच कोरलं गेलं होतं. शोहेई ओतानीच्या उजव्या कोपरावर २०१८ आणि २०२३ अशा दोनदा शस्त्रक्रिया झाल्या, तरी २०२४ मध्ये पिचिंग न करता त्याने ५४ होमरन मारले. त्याची बॅट त्याचं नाव जागतं ठेवत होती. विशी-बाविशीतल्या पिचरपाशी जुना लौकिकही नसतो आणि बॅटही. असतो तो फक्त वेग. त्याच वेगासाठी कार्ड महाग झालेलं असतं, आणि कोपर फाटण्यातही त्याच वेगाचा हात असतो. त्यामुळे घेणारा मनातून मागत असतो की पोराने बरं होऊन पुन्हा तितक्याच जोराने फेकावं. दुसऱ्यांदा फाटला तर परतण्याची शक्यता पहिल्याइतकी राहत नाही.

मला विचाराल तर गुंतवणूक म्हणून हा सौदा मी करणार नाही. आवड म्हणून घ्यायचंच असेल, तर एमआरआयच्या बातमीच्या आठवड्यात घेऊ नये; नोव्हेंबर-डिसेंबरात, मैदानं बंद आणि लोक अमेरिकन फुटबॉलमध्ये दंग असताना घ्यावं. ही पहिलीच शस्त्रक्रिया आहे ना, हे पाहावं. आणि सराव सामन्यांत तो जिंकला की हरला याकडे न बघता फास्टबॉलचा वेग जुन्या आकड्याला पोचतोय का, तेवढंच तपासावं. तो आकडा हल्ली खालच्या लीगमधूनही प्रत्येक चेंडूमागे जाहीर होतो, आणि कार्ड विकणारा तो तुमच्याआधी वाचत असतो.