सिकलसेल आणि डोळ्यांच्या बारीक रक्तवाहिन्या



सिकलसेलची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, मग गाडीखर्च कशाला, असे काहींनी विचारले. प्रश्न रास्त आहे.

नंदुरबारच्या डोंगरात, भिल्ल व पावरा पाड्यांवर, हा आनुवंशिक आजार अनेक घरांत आहे. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आला तर वाहक. रुग्णाची तांबडी पेशी ऑक्सिजन सोडल्यावर विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते.

पण हा नुसता रक्तक्षय नाही. फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन रक्तातला नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकते, आणि रक्तवाहिनी सैल ठेवणारा वायू तोच. मग बारीक वाहिन्या आकसतात, त्यांचे अस्तर सुजून चिकट होते, पांढऱ्या आणि वाकलेल्या पेशी तिथे अडकतात. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजतात ते यामुळेच. पाड्यावर त्याला नजर लागली म्हणतात. अंग दुखत नसले तरी आतली दाह चालूच असते.

शिबिरात डॉक्टरांनी मला एका मुलीच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर भिंगातून तुटक, स्वल्पविरामासारख्या लाल रेषा दाखवल्या. त्या अडलेल्या वाहिन्या. असेच आत, पडद्याच्या कडेला घडले की शरीर नव्या नाजूक वाहिन्या फुटवते. त्यांतून रक्त सुटले तर दृष्टी जाऊ शकते, आणि तोवर मुलाला काहीच जाणवत नाही. म्हणून साधारण दहाव्या वर्षापासून बाहुली मोठी करणारे थेंब घालून नियमित तपासणी लागते. ती पाड्यावर होत नाही. थेंबांनंतर काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत आई हवी, तिची दिवसाची मजुरी बुडते. गाडीखर्च तो हा.

याच मुलीचे हायड्रॉक्सीयुरिया घरच्यांनी बंद केले होते. "ताई, प्रार्थना झाली, दुखायचं थांबलं. मग गोळी कशाला?" आई म्हणाली. मी तिच्याबरोबर पुन्हा प्रार्थना केली, आणि दुसऱ्या दिवशी दोघींना दवाखान्यात घेऊन गेले. आपल्याच काही सभांतून औषध सोडण्याची साक्ष कौतुकाने ऐकली जाते, हे मला खटकते.

मुलीची डोळ्यांची तपासणी झाली. डाव्या पडद्याच्या कडेच्या काही वाहिन्या बंद आहेत, नव्या फुटलेल्या नाहीत. गोळी पुन्हा सुरू आहे. पुढची तपासणी वर्षभराने.