थंडीच्या दिवसांत घरची कार्यशाळा

मारतहळ्ळी हे बेंगळुरूच्या पूर्वेकडील उपनगर. त्याच्या पश्चिमेस, जुन्या विमानतळाच्या रस्त्याला लागून, विमाने बांधणारा मोठा कारखाना आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली त्याचा पाया घातला. १९६४ पासून तो ‘हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड’ या नावाने ओळखला जातो. यंत्रे आणि हत्यारे यांच्याशी या शहराचे नाते असे जुने आहे. निवृत्तीनंतर घरच्या गॅरेजमध्ये एक टेबल मांडावे, पान्हे, करवती, कानशी भिंतीवर टांगाव्यात आणि नातवंडांच्या सायकली, शेजाऱ्यांचे पंखे दुरुस्त करीत सकाळ घालवावी, ही हौस येथे नवलाची नाही.

मात्र डिसेंबर उजाडला की या हौसेला थंडी आडवी येते. बेंगळुरूची थंडी नाशिक-पुण्याइतकी बोचरी नसते, हे खरे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असले तरी जानेवारीतील सरासरी किमान तापमान १५ ते १६ अंशांच्या आसपास असते. ७.८ अंशांचा नीचांक नोंदला गेला तो १३ जानेवारी १८८४ रोजी! मग हात का गारठतात? कारण गॅरेजची फरशी थंड असते, शटरखालून वारा येतो, काम बैठे असते आणि लोखंडी हत्यार हातातील ऊब ओढून घेते. उतारवयात बोटे आखडली की कानस घसरते आणि इजा होते. यास्तव ऊब ही येथे केवळ चैन नव्हे.

प्रथम बिनखर्चाचे उपाय करून पाहावेत. पायांखाली लाकडी फळी किंवा जाड रबरी चटई घालावी. शटरखालच्या फटीला रबरी पट्टी लावावी. हत्यारांच्या मुठींना कापडी पट्टी गुंडाळावी. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. भागले नाही, तरच हीटरचा विचार करावा.

खोली तापवावी की माणूस?

विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने १८०० साली लोलकातून सूर्यकिरण पाडून प्रत्येक रंगाचे तापमान मोजले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेच पारा सर्वांत अधिक चढला. हेच अवरक्त किरण. हिवाळ्यात उन्हात बसल्यावर वारा गार असूनही अंग उबदार होते, ते पुष्कळ अंशी त्यांच्यामुळेच. हे किरण हवेला फारसे न तापवता ज्या वस्तूवर पडतात तिला ऊब देतात.

गॅरेजची हवा तापवली तर ती फटींतून निघून जाते. त्यातून पंख्याचा हीटर असेल तर लाकडाचा भुसाही उडतो. म्हणून गॅरेज न तापवता काम करणाऱ्यालाच ऊब द्यावी. हिशेब साधा आहे. ८०० वॅटचा अवरक्त हीटर रोज दोन तास वापरल्यास महिन्याला ४८ युनिट वीज लागते. २००० वॅटचा मोठा हीटर तेवढाच वेळ चालवल्यास १२० युनिट.

प्रकार आणि निवड

बाजारात मुख्यतः तीन प्रकार आढळतात. क्वार्ट्‌झच्या नळ्यांचा हीटर स्वस्त असतो. ४०० वॅटच्या दोन नळ्या असतील तर हवी तेवढीच लावता येते. हॅलोजनचा हीटर तत्काळ ऊब देतो, पण त्याचा प्रकाश प्रखर असल्याने बारीक कामात डोळ्यांना त्रास होतो. चिनीमातीच्या पट्ट्यांचा हीटर तापायला काही मिनिटे घेतो, परंतु तो डोळ्यांवर चमकत नाही. टेबलावर स्थिर बसून काम करणाऱ्यास तो अधिक सोयीचा. कोणताही प्रकार घेतला तरी आयएसआय चिन्ह, पुढे मजबूत जाळी आणि कलंडल्यास आपोआप बंद होण्याची सोय असल्याची खात्री करून घ्यावी.

हीटर वाटेत ठेवू नये. भिंतीवर बसवण्याजोगा असल्यास खांद्याहून उंच, बाजूला आणि किंचित खाली झुकलेला बसवावा. अंतर वाढत गेले की ऊब झपाट्याने घटते, हे खरे. पण म्हणून त्याला खेटून बसणेही बरे नव्हे. काश्मिरात वर्षानुवर्षे कांगडी अंगाशी धरणाऱ्यांच्या त्वचेवर जाळीदार डाग पडतात आणि क्वचित त्या जागी कर्करोगही उद्भवतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे, त्यांना तर पाय भाजल्याचेही कळत नाही. अशा वडीलधाऱ्यांची घरच्यांनी विशेष काळजी घ्यावी.

वीज आणि आग

गॅरेजमध्ये बहुधा ६ अँपिअरचा एकच प्लग असतो. २३० व्होल्टवर तो जास्तीत जास्त १३८० वॅटचा भार सोसतो. ८०० वॅटचा हीटर आणि ७०० वॅटचे घासणीयंत्र एकाच फळीवर जोडले की ही मर्यादा ओलांडली जाते आणि तारा तापू लागतात. यास्तव परवानाधारक वायरमनकडून हीटरसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग, चांगले अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्यावा.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा : आपल्या गॅरेजमध्ये दुसरे काय आहे? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती फरशीवर पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. गाडी किंवा स्कूटर तेथेच उभी राहत असेल, पेट्रोल वा थिनरचे डबे असतील, तर लाल होणारा हीटर तेथे लावूच नये. भुसा रोज झाडावा, तेलकट चिंध्या बाहेर टाकाव्यात आणि जळाऊ वस्तू किमान एक मीटर दूर ठेवाव्यात. विजेऐवजी कोळशाची शेगडी बंद गॅरेजमध्ये पेटवणे तर प्राणघातक आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो.

तेव्हा वाचकहो, दुकानात जाण्यापूर्वी एकदा गॅरेजच्या दारात उभे राहून वारा कोठून येतो, प्लग कोठे आहे आणि पेट्रोलचा डबा कोठे आहे, हे पाहून घ्या. कोणता हीटर घ्यावा, आणि मुळात घ्यावा की नाही, याचे उत्तर आपल्याला तेथेच मिळेल.