ग्राफीन भारीच, पण सुटं की बांधलेलं?

परवा रात्री आमच्या रूमवर एक प्रयोग झाला. माझी रूममेट केमिस्ट्रीत एमएस्सी करते. तिने कागदावर पेन्सिल घासघासून एक काळा डाग केला, त्यावर सेलोटेप चिकटवली आणि ओढून काढली. टेपवर करडा थर आला. मग टेप दुमडायची, उलगडायची, परत दुमडायची. दर वेळी तो थर आणखी पातळ. "बघ, असं मिळतं नोबेल," ती म्हणाली.

ती थट्टा करत होती, पण अगदीच थट्टा नव्हती ती. २००४ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर युनिव्हर्सिटीत आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटवर अशीच चिकटपट्टी लावून कार्बनचा फक्त एका अणूइतका जाड पापुद्रा वेगळा केला. त्याचं नाव ग्राफीन. २०१० मध्ये दोघांना फिजिक्सचं नोबेल मिळालं. आपल्या पेन्सिलीत असतं ते ग्रॅफाइट, म्हणजे अशाच असंख्य पापुद्र्यांची चळत.

गंमत म्हणजे, हीच मुलगी लॅबमध्ये ग्राफीन ऑक्साइडच्या कोरड्या पावडरची डबी उघडताना मास्क आणि ग्लोव्ह्ज घालते, तेही फ्यूम हूडच्या आत. मी विचारलं, "अगं, पेन्सिलीतलंच आहे ना ते? मग एवढं काय?" ती म्हणाली, "पेन्सिल कुणी श्वासातून आत ओढत नाही."

हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मग वाचायला बसले.

एक पापुद्रा, शंभर कामं

ग्राफीनमध्ये कार्बनचे अणू मधाच्या पोळ्यासारखे षटकोनात बसलेले असतात. हा पापुद्रा वीज आणि उष्णता झपाट्याने वाहून नेतो, वजनाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी बळकट असतो आणि जवळजवळ पारदर्शकही असतो. त्यावर पडलेल्या प्रकाशातला फक्त २.३ टक्के भाग तो शोषतो.

त्यामुळे कंपन्या त्याच्या मागे लागणार हे उघडच होतं. २०१३ मध्ये ग्राफीन घातलेल्या टेनिस रॅकेट बाजारात आल्या. २०१८ मध्ये फोर्डने बॉनेटखालच्या काही पार्ट्समध्ये ते वापरायचं जाहीर केलं. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या एम्सबरी गावात एका जिमची फरशी ग्राफीन मिसळलेल्या काँक्रीटची घातली गेली. मँचेस्टरमध्येच मूळचे केरळचे राहुल नायर यांच्या टीमने २०१७ मध्ये ग्राफीन ऑक्साइडची अशी चाळणी दाखवली, जी पाण्यातलं मीठ अडवू शकते.

या सगळ्यांत एक गोष्ट कॉमन आहे. ग्राफीन कशात तरी घट्ट अडकलेलं आहे: प्लास्टिकमध्ये, रेझिनमध्ये, काँक्रीटमध्ये. रॅकेटने सर्व्हिस केली म्हणून ते उडून तुमच्या नाकात जात नाही. पण तेच ग्राफीन थेट नाकासमोर बांधलं तर?

कॅनडातला मास्क

हे खरंच घडलं. कोविडच्या काळात ग्राफीनचा थर असलेले मास्क विकले जात होते. ग्राफीन जंतूंना मारतं, असा त्यामागचा दावा. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात असे मास्क शाळांमध्ये आणि पाळणाघरांमध्ये वाटले गेले. पाळणाघरातल्या काही कर्मचाऱ्यांनी तक्रार केली, की मास्क घातल्यावर मांजराचे केस गिळल्यासारखं वाटतं. मार्च २०२१ मध्ये क्विबेकने ते वापरणं थांबवायला सांगितलं. एप्रिलमध्ये हेल्थ कॅनडा या देशाच्या आरोग्य खात्याने सगळ्यांनाच सांगितलं, ग्राफीनचे मास्क घालू नका, कण श्वासातून आत जाऊ शकतात.

इथे गोष्ट संपली असती तर 'ग्राफीन म्हणजे विष' असं म्हणून आपण मोकळे झालो असतो. पण जुलैमध्ये तपासणीनंतर हेल्थ कॅनडाने चार मॉडेल्सना परत परवानगी दिली. त्यांच्यापासून काळजी करण्यासारखा धोका दिसला नव्हता. म्हणजे खातं चुकलं का? मला नाही वाटत. आधी थांबवलं, मग तपासलं, मग सांगितलं. खटकणारी गोष्ट एवढीच, की तपासणी आधी आणि वाटप नंतर व्हायला हवं होतं.

फुप्फुसात काय होतं?

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवलं, की ग्राफीनच्या तुकड्याचे अणकुचीदार कोपरे पेशीचं आवरण भेदून आत शिरू शकतात. शिवाय हे तुकडे रुंद असले तरी इतके पातळ असतात, की हवेबरोबर फुप्फुसात खोलवर पोचू शकतात. तिथे सफाई करणाऱ्या पेशींना मोठा तुकडा धड गिळता येत नाही.

मग २०२४ मध्ये एडिंबरा आणि मँचेस्टरच्या संशोधकांचा अभ्यास आला. १४ निरोगी स्वयंसेवकांनी सायकल मारत दोन तास अतिशय शुद्ध, बारीक ग्राफीन ऑक्साइड श्वासातून घेतलं. फुप्फुसं, रक्तदाब, सूज, कशावरही लगेच वाईट परिणाम दिसला नाही. फक्त रक्त गोठण्याच्या प्रक्रियेत किंचित बदल जाणवला.

दोन्ही निकाल एकमेकांना खोटं ठरवत नाहीत. एकात ग्राफीनचे तुकडे, दुसऱ्यात बारीक केलेलं, शुद्ध ग्राफीन ऑक्साइड. शिवाय दोन तास वेगळे आणि कारखान्यात रोज आठ तास वेगळे. 'ग्राफीन' हे एका वस्तूचं नाव नाहीच, ते एका मोठ्या खानदानाचं आडनाव आहे. काका वाईट म्हणून पुतण्या वाईट असं होत नाही, आणि उलटंही नाही.

पाण्याचंही तसंच. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांना आढळलं, की भूजलासारख्या कठीण पाण्यात ग्राफीन ऑक्साइडचे कण गोळा होऊन खाली बसतात. तलाव-नद्यांसारख्या पाण्यात मात्र ते तरंगत राहतात आणि दूरवर जातात. म्हणजे तुटलेली रॅकेट कुठे जाते, तो पार्ट कोण कापतं, कोण घासतं, कोण जाळतं, हे प्रश्नही वस्तू विकून झाल्यावर संपत नाहीत.

त्यामुळे पुढच्या वेळी 'विथ ग्राफीन' असं लिहिलेलं काही दिसलं, तर तीन गोष्टी विचारा. नेमकं कुठलं ग्राफीन? ते बांधलेलं आहे की सुटं होऊ शकतं? आणि सुटं झालं तर सगळ्यात आधी कुणाच्या श्वासात जाईल: वापरणाऱ्याच्या, बनवणाऱ्याच्या, की भंगार वेचणाऱ्याच्या?

तुमच्यापैकी जे केमिस्ट्री-फिजिक्सच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट करतायत, त्यांच्यासाठी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: तुमच्याच. तेव्हा कोरडी पावडर असेल तर फ्यूम हूड आणि व्यवस्थित बसणारा मास्क, यात आळस नको. सबमिशनची तारीख उद्या असली तरी.