वंशावळीचा पुरावा

इंग्लंडांतील स्पेन्सर घराणें मेंढ्या पाळून श्रीमंत झालें. १५०८ सालीं जॉन स्पेन्सर यानें नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यांतील ऑल्थॉर्पची जमीन विकत घेतली. संपत्ति आली, तशी कुलीनतेचीहि गरज भासूं लागली. १५९५च्या सुमारास रिचर्ड ली या राजदरबारच्या वंशावळलेखकानें ती पुरविली. त्याच्या लेखाप्रमाणें हें घराणें मध्ययुगांतील बलाढ्य डिस्पेन्सर सरदारांचें वारस ठरलें. पिढ्यान् पिढ्या ही वंशावळ खरी मानली गेली.

१९०१ सालीं होरेस राउंड या इतिहाससंशोधकानें तिचा एकेक दुवा मूळ कागदपत्रांशीं ताडून पाहिला. लीनें जुन्या दप्तरांतून स्पेन्सर व डिस्पेन्सर नांवाचीं माणसें वेंचून, नात्याचा पुरावा नसतांहि, त्यांना एका सांखळींत ओवलें होतें! वस्तुतः हें आडनांव हुद्द्यावरून पडलेलें. मोठ्या घरचें कोठार सांभाळून शिधा वांटणारा, आपल्याकडील कोठावळ्यासारखा, तो डिस्पेन्सर. दोन कुलकर्णी केवळ आडनांवावरून भाऊबंद ठरत नाहींत, हें श्रोत्यांना सांगावयास नकोच.

सामान्य कुटुंबाचा शोध घेतांनाहि नामसाम्याचा हाच मोह आड येतो. त्यावर उपाय एकच : ज्ञात माणसापासून एकेक पिढी मागें जाणें, आणि प्रत्येक पायरीला त्या वेळचा लेख मागणें. १ जुलै १८३७ पासून तेथें सरकारी जन्मनोंद सुरू झाली. तींत आईचें माहेरचें आडनांवहि असतें. मात्र सरकारी लेखहि डोळे मिटून घेण्याजोगा नसतो. १८४१च्या खानेसुमारींत पंधरा वर्षांवरील माणसांचें वय पांचाच्या पटींत खालीं आणून लिहावें अशी सूचना होती. त्यामुळें अडतीस वर्षांचा माणूस कागदावर पस्तिसांचा झाला.

१८३७च्या मागें मुख्य आधार गांवच्या चर्चमधील वह्यांचा. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ सालीं थॉमस क्रॉमवेलनें काढला. त्या वाचतांना वर्षगणना जाणली पाहिजे, कारण १७५२ पूर्वीं तेथें कायद्याचें वर्ष २५ मार्चला सुरू होई. मे १७२० मध्यें विवाह आणि फेब्रुवारी १७२० मध्यें पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा, अशी नोंद पाहून उतावळा वंशज विनाकारण खालीं मान घालतो. तें मूल विवाहानंतर नऊ महिन्यांनीं चर्चमध्यें आणलेलें असतें.

आणखी एक काम कंटाळवाणें, पण अपरिहार्य. बाप्तिस्म्याच्या वहींत हवा तो जॉन सांपडला, कीं दफनाची वहीहि चाळावी लागते. तो जॉन तिसऱ्या वर्षींच दफन झाला असेल, तर त्याच्यापासून कोणाचाहि वंश चालणें शक्य नाहीं. हिंदुस्थानांत जन्मलेल्या वा निवर्तलेल्या इंग्रजांसाठींहि अशीच सोय आहे : मुंबई इलाख्यांतील पाद्री आपल्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवीत, त्या आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत.

स्पेन्सर घराणें आजहि ऑल्थॉर्पला नांदतें आहे. १५०८ सालीं ती जमीन घेणाऱ्या मेंढ्यांच्या व्यापाऱ्याशीं जुळणारा त्याचा धागा मात्र राउंडच्या तपासणींतहि तुटला नाहीं.